वादळाच्या धास्तीने झाड बोडकं करू नका: छाटणीतल्या या चुका टाळा

अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली की अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत चेन सॉवाल्यांचे फोन वाजायला लागतात. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर कुणी विसरलेलं नाही. श्रीवर्धन-दिवेआगरकडे पोफळीच्या बागा कंबरेत मोडून पडल्या होत्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनारा घासत गुजरातकडे गेलं. त्यामुळे कौलांवर झुकलेल्या आंब्याकडे बघून पोटात गोळा येणं साहजिक आहे. मात्र त्या धास्तीपोटी आठ दिवसांत जी तोड उरकली जाते, तिने झाड पुष्कळदा आधीपेक्षा जास्त धोकादायक होतं. त्याचं फळ लगेच दिसत नाही, तीन-चार वर्षांनी दिसतं, आणि तोवर कुणी काय कापलं होतं हे सगळे विसरलेले असतात.

शेंडा मारणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. उंची कमी केली की वारा कमी लागेल, हा विचार वरवर बरोबर आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी ६० किलोमीटरचा वारा १२० वर गेला की झाडावरचा जोर चौपट होतो. त्या हिशेबाने झाडाचा पसारा कमी करणं योग्यच. प्रश्न आहे तो कुठे कापायचं याचा.

मांडीएवढ्या जाड फांद्या मध्येच तोडून नुसते खुंट ठेवले की झाडाचं अन्न तयार करणारी पानंच गेली. मग झाड साठवणीतलं खाऊन सालीखालून पाणफुटवे काढतं, झुपकेच्या झुपके. पहिल्या पावसात ते बघून मालक खूश होतो, की झाड कसं छान फुटलं! मूळची फांदी खोडाबरोबर वर्षानुवर्षं थरावर थर चढवत वाढलेली असते, तिचं लाकूड खोडाच्या लाकडात गुंतलेलं असतं. पाणफुटवा मात्र फक्त वरच्या थराला चिकटलेला असतो. त्यात खालचा खुंट टोकाकडून कुजत येतो. चार वर्षांनी कुजक्या बुडख्यावर दहा-बारा फुटांच्या काठ्या उभ्या असतात, आणि वादळात त्याच पहिल्या सुटतात. शिवाय इतकी वर्षं सावलीत राहिलेली साल एकदम उन्हात आली की करपते, तडकते, आणि आंब्याच्या अशा तडकलेल्या सालीत भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी कीड, शिरायला वेळ लागत नाही.

पसारा कमीच करायचा तर लांब गेलेली फांदी तिच्याच एखाद्या पोटफांदीपर्यंत मागे आणा. ही पोटफांदी कापल्या जाणाऱ्या फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची हवी, म्हणजे ती पुढचा कारभार सांभाळते आणि फुटव्यांचं रान माजत नाही. एका वेळी झाडाची एक चतुर्थांशाहून जास्त हिरवळ काढू नये, म्हाताऱ्या झाडाची तर त्याहूनही कमी.

आधीच शेंडा मारून झाला असेल तर? सगळे फुटवे एकदम साफ करू नका, झाड पुन्हा तितकेच काढेल. प्रत्येक खुंटावरचे बाहेरच्या दिशेला झुकलेले, बुडाशी जाड असलेले एक-दोन फुटवे ठेवा आणि बाकीचे दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने काढा. खुंटाच्या लाकडात स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. मऊ लागून आत गेला, तर त्यावरचा फुटवा कितीही तरतरीत दिसो, ती फांदी खालच्या सांध्यापासूनच काढावी लागेल.

आतून साफ करणं

“आतला सगळा पसारा काढतो, वारा आरपार जाईल,” असं म्हणून गडी फांदीवरच्या बारीक फांद्या बुडापासून साफ करत जातो आणि पानांचा झुपका फक्त टोकाला ठेवतो. सगळं वजन टोकाला गेलं की वाऱ्यात फांदी चाबकासारखी झोडपली जाते. आतल्या बारीक फांद्या तो हेलकावा मोडत असतात, त्याच गेल्या. असं का करतात, तर खोडाला टेकून बसलेल्या माणसाच्या कोयत्याला जे लागतं तेच कापणं सोपं. खरं काम फांदीच्या टोकाकडे असतं, आणि तिथे पोचायला दोर, पट्टा आणि हिंमत तिन्ही लागतं.

उलट जे काढायलाच हवं ते राहून जातं. वाळकी लाकडं, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या, आणि बांडगूळ. कोकणातल्या जुन्या रायवळ आंब्यांवर बांडगुळाचं ओझं इतकं असतं की लांबून आंब्याचीच पालवी वाटते. नुसतं वरचं बांडगूळ ओरबाडलं तर ते पुन्हा फुटतं. जिथे ते चिकटलंय त्याच्या फूटभर खालून फांदी कापा, आणि त्याची फळं पिकायच्या आत कापा. नाहीतर फुलटोचे पक्षी ते बी शेजारच्या कलमांवर पोचवतातच.

लाकडाच्या बदल्यात तोड

“पैसे नकोत, लाकूड आम्ही नेतो.” हा सौदा ऐकायला फुकटचा वाटतो. पण ज्याची कमाई लाकडावर, तो बारीक फांद्यांना हात लावेल की जाड फांद्यांना? वादळासाठीच्या छाटणीत बव्हंशी मनगटाएवढ्या आणि त्याहून बारीक फांद्याच निघतात, विकण्याजोगं लाकूड फारसं येत नाही. संध्याकाळी टेम्पो भरून लाकूड गेलं असेल तर त्याने तुमचं काम न करता स्वतःचं केलं, असं खुशाल समजा. मजुरी रोख द्या, लाकूड कुणाचं ते आधी ठरवा, आणि कोणती फांदी कुठे कापायची तिथे खडूने किंवा चिंधी बांधून खूण करा.

आपल्या वाडीत आपलं झाड, परवानगी कसली, हाही एक गैरसमज. नगरपालिका-महापालिकेच्या हद्दीत १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे आणि त्याच्या लेखी झाडाला इजा करणं हीसुद्धा तोडच. गावात १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे, त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही घराजवळचीच झाडं येतात. मोठी तोड असेल तर आधी अर्ज करा. आणि कोयता लावण्यापूर्वी घरटी बघा, मे महिन्यात ती हमखास असतात.

काप कुठे घ्यायचा

फांदी खोडाला जिथे मिळते तिथे, विशेषतः खालच्या अंगाला, साल जराशी फुगलेली आणि सुरकुतलेली असते. बोट फिरवलं तरी कळते. ती फुगवटी खोडाची आहे, तिला धक्का लावायचा नाही. खोडाशी अगदी सपाट काप घेतला की तीच कापली जाते, आणि फूटभर खुंट सोडला तर तो कुजून सड आत नेतो. काप फुगवटीच्या लगेच बाहेर हवा. अमेरिकन वनसंशोधक ॲलेक्स शायगो यांनी चेन सॉने हजारो झाडं उभी चिरून सड कशी पसरते ते पाहिलं. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड तो भाग आतून कोंडून टाकतं आणि त्यावर नवं लाकूड चढवतं. ही कोंडण्याची ताकद त्या फुगवटीत असते.

जड फांदी एका कापात कधीही काढू नका. अर्धी कापली की ती स्वतःच्या वजनाने खाली येते आणि येताना खोडाची साल हातभर सोलून आणते. तीन काप घ्या. पहिला खोडापासून फूट-दीड फूट अंतरावर, खालून वर, तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा त्याच्या दोन-तीन इंच पुढे, वरून खाली. इथे फांदी सरळ तुटून पडते, साल पहिल्या कापाशी अडते. मग उरलेला हलका खुंट फुगवटीच्या बाहेरून शांतपणे काढा. खाली कौलं किंवा पत्रा असेल तर फांदी दोराने उतरवावी लागते. तो दोर माणसाच्या हातात नुसता धरू नये. खोडाच्या बुडाला दोन वेढे देऊन मग सोडत जावं, म्हणजे फांदीचा हिसका खोड झेलतं आणि दोर धरणारा वर ओढला जात नाही.

डांबर, ऑइल पेंट, शेणमाती

जखमेवर डांबर किंवा ऑइल पेंट फासल्याने सड थांबत नाही, उलट खाली ओल कोंडते. आंब्याच्या मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट लावण्याची पद्धत वेगळी आहे. ती बुरशीनाशक आहे आणि कोकणच्या दमट हवेत तिला अर्थ आहे. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करा, लोखंडी बादली वापरू नका. तयार पेस्टमध्ये कोयत्याचं पातं क्षणभर बुडवा. पात्यावर तांबूस झाक आली तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. पण चुकीच्या जागी घेतलेला काप कितीही बोर्डो लावून दुरुस्त होत नाही.

माडाला आंब्याचा न्याय

माड हलका करायचा म्हणून हिरव्या झावळ्या खरडून शेंड्याला चार-पाच ठेवणारे लोक आहेत. निरोगी मोठ्या माडावर तीस-चाळीस झावळ्या असतात आणि महिन्याला साधारण एक नवी येते. दहा हिरव्या काढल्या म्हणजे जवळजवळ वर्षाची कमाई गेली. त्याहून वाईट म्हणजे ताज्या कापाच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, कापात अंडी घालतो, आणि अळ्या गाभा पोखरतात. माडाला वाढीचा एकच कोंब, तो गेला की माड गेला. एखादी हिरवी झावळी पत्र्यावर घासतच असेल तर खोडापासून चार फूट देठ ठेवून कापा.

वादळाआधी माडावरचं काम एवढंच: तयार नारळ उतरवणं आणि वाळक्या झावळ्या, सुकलेल्या पोया (फुलोऱ्याची आवरणं) काढणं. ताशी शंभरच्या वाऱ्यात सुटलेला नारळ शेजारच्या सोलर हीटरचीही पर्वा करत नाही. चढण्यासाठी खोडाला खाचा पाडू देऊ नका. आंब्याची साल जशी कापावर चढते तसं माडात घडतच नाही, ती खाच जन्मभर तशीच राहते आणि खोड तिथेच मोडायला तयार होतं.

पोफळीची गोष्ट आणखी वेगळी. ती एकेकटी उभी राहू शकत नाही, बाग म्हणून उभी राहते. समुद्राच्या बाजूची उंडी, सुरू किंवा जुनी आंब्याची रांग “उजेड अडवते” म्हणून काढली की पुढच्या वादळात आतल्या पोफळी थेट वाऱ्याच्या तोंडी येतात.

मे महिन्यातली घाई

हापूस उतरला की लगेच छाटणी उरकायची, असा बहुतेकांचा शिरस्ता. हलकी छाटणी ठीक आहे, पण मोठे काप घेतले तर पुढचे चार महिने त्या उघड्या जखमा पावसात भिजणार. आंब्याची जड तोड पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरात करावी. त्या फांदीवरचा पुढचा मोहर जाईल, तो जाऊ द्यावा लागतो. घराजवळच्या गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, सोनमोहर अशा झाडांना डिसेंबर ते फेब्रुवारी सोयीचा. मे महिन्यात फक्त वाळकं, मोडकं, लोंबतं काढा. आणि वादळ मे-जूनमध्येच येतं या भरवशावर राहू नका. फयान ११ नोव्हेंबर २००९ ला आलं होतं.

विजेच्या तारांजवळच्या फांद्यांना मात्र कुठल्याही महिन्यात स्वतः हात लावायचा नाही. ओला बांबूही वीज वाहून नेतो, ॲल्युमिनियमची शिडी किंवा लोखंडी आकडा तर बोलायलाच नको. महावितरणच्या शाखा कार्यालयात अर्ज द्या किंवा १९१२ वर कळवा आणि प्रवाह बंद करूनच काम होऊ द्या.

जिथे छाटणीचा उपयोग नाही

झाड मुळापासून ढिलं झालं असेल तर फांद्या कापून काही साधत नाही. अंगणात पेव्हर ब्लॉक टाकताना किंवा पाइपलाइनसाठी चर खणताना एका अंगाची मुळं तोडली गेली, हे कारण फार वेळा सापडतं, आणि झाड पडल्यावर दोष वाऱ्याला दिला जातो. खोडापर्यंत आलेलं काँक्रीट फोडून निदान एक-एक मीटर माती मोकळी ठेवा.

झाड झुकलंय, त्याच्या उलट बाजूला जमिनीला भेग पडली आहे किंवा माती उचलली गेली आहे. बुंध्याशी अळंबी उगवली आहे. दोन खोडांच्या अरुंद बेचक्यात साल आत दबून उभी चीर दिसते आहे. बुंध्यावर ठोकलं की ढोलासारखा आवाज येतो. यातलं एक जरी दिसलं तरी जाणकाराला बोलवा, आणि झाड घराच्या टप्प्यात असेल तर ते पूर्ण काढण्याच्या अर्जाची तयारी ठेवा. झाड पूर्वीपासून तिरकं वाढलेलं असेल आणि शेंडा पुन्हा उभा वळला असेल तर ते बहुधा सावरलेलं झाड असतं. यंदा नव्याने झुकलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

वादळ गेल्यावरची तोड

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कोयते घेऊन बाहेर पडतात. थांबा. आधी तारा बघा, मग वर बघा. अर्धवट तुटून दुसऱ्या फांदीत अडकलेली फांदी आणि पडलेल्या झाडाखाली वाकून ताणलेली फांदी, या दोन्ही कापताक्षणी कुठे उसळतील याचा नेम नसतो. हे काम घरच्या माणसाचं नाही.

पानं झडून काड्या झालेलं झाड मेलं असं समजू नका. सालीवर नखाने हलकं खरवडा. खाली हिरवं असेल तर महिना-दीड महिन्यात पालवी येते. फाटलेल्या फांद्या सांध्यापाशी नीट कापा, बाकी झाडाला हात लावू नका. मनगटाएवढ्या खोडाचं आडवं झालेलं कलम पहिल्या दोन-चार दिवसांत, मुळं सुकायच्या आत उभं करून मातीची भर द्या. तीन बाजूंनी काथ्याने ताण देताना खोडाला जुनी सायकलची ट्यूब गुंडाळा, म्हणजे दोर सालीत रुतणार नाही. माडाचा शेंडा पिळवटला असेल तर मधला कोंब तेवढा बघायचा. तो हिरवा आणि ताठ असेल तर माड ठेवा. कोंब ओढल्यावर हातात आला आणि बुडाशी घाण वास सुटला असेल, तर तो माड लवकर काढून टाका, नाहीतर तिथला भुंगा शेजारच्या माडांवर जाईल.