पीसी दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? ठरवण्याआधी या चुका टाळा

बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा मारतो आणि थांबतो. पुन्हा दाबा, पुन्हा तेच. मागून कुणीतरी म्हणतं, "किती वर्षं झाली त्याला? आता नवाच घे." आणि बहुतेक वेळा निर्णय तिथेच होतो, कॅबिनेटचा एक स्क्रूही न उघडता.

डेस्कटॉप म्हणजे टीव्हीसारखा बंद डबा नव्हे. सात-आठ सुटे भाग एकमेकांत खोचलेले असतात आणि बिघडतो तो सहसा त्यातला एकच. म्हणून वयाचा प्रश्न मी शेवटी विचारतो. त्याआधी दोन प्रश्न असतात: नेमका कुठला भाग गेलाय? आणि तो बदलायचा म्हटलं तर त्याच्यापाठोपाठ आणखी काय काय बदलावं लागेल? पैसे वाया जातात ते या दोन प्रश्नांची उत्तरं न शोधल्यामुळे.

चूक: डेटा बाहेर न काढता दुरुस्तीला लागणं

ही मी स्वतः केली आहे. हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येत होता, फाइल उघडायला मिनिट-मिनिट लागत होतं. मी शहाणपणाने रात्री चेक डिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं टूल) लावलं आणि झोपलो. सकाळी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, बोर्डवरच्या सेटिंगमध्ये) डिस्क दिसतच नव्हती. मरायला टेकलेल्या डिस्कला रात्रभर कानाकोपऱ्यातून वाचायला लावणं म्हणजे दम लागलेल्या माणसाला जिने चढायला लावण्यासारखं होतं, हे नंतर कळलं.

डिस्कवर संशय आला की स्कॅन नाही, डीफ्रॅग नाही, फॉरमॅट तर नाहीच. आधी कॉपी. तीही सगळी डिस्क एकदम नको. ज्या फोल्डरवाचून अडेल ते आधी घ्या.

उलट पीसी सुरूच होत नसेल तर घाबरू नका. अशा वेळी डिस्क बऱ्याचदा धडधाकट असते. ती काढून दुसऱ्या पीसीला किंवा यूएसबी अडॅप्टरला जोडली की फाइली दिसतात. फक्त बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) सुरू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. आपल्या विंडोजमध्ये ते आपोआप सुरू झालंय हे कित्येकांना ठाऊक नसतं. मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) बदलला की सहसा टीपीएम, म्हणजे या कुलपाची किल्ली सांभाळणारी सुरक्षा चिपही बदलते, आणि मग तीच की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा आहे का, ते मशीन धड असतानाच बघून ठेवा.

चूक: लक्षणालाच रोग समजणं

सगळ्यात जास्त चांगली मशीन इथेच भंगारात जातात.

दर वेळी सुरू केल्यावर तारीख मागे जाते, वेबसाइट सुरक्षिततेच्या तक्रारी करतात, बायोसची सेटिंग पुसली जाते. हा मदरबोर्डचा आजार वाटतो, पण असतो नाण्याएवढ्या सीआर२०३२ बॅटरीचा. ३ व्होल्टची ही बॅटरी काही वर्षांत संपते, पाच मिनिटांत बदलता येते.

पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळी? आधी केबल कुठल्या पोर्टला आहे ते बघा. ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनमध्ये ती मदरबोर्डच्या पोर्टला लागलेली असली तर बऱ्याचदा काहीच दिसत नाही, आणि ही गफलत जाणत्यांकडूनही होते. मग रॅम. प्लग काढा, पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या धातूला हात लावा आणि मगच रॅमच्या पट्टीच्या कडेच्या कड्या उघडा. सोनेरी कडेवर काळपट थर दिसला तर साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, चुरा झटका. पट्टीची खाच स्लॉटच्या खाचेशी जुळवून दोन्ही टोकं सारख्या दाबाने खाली दाबा. 'टक' असा आवाज आला पाहिजे. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. एकीवर सुरू झाला आणि दुसरीवर नाही, तर चोर सापडला.

चालता चालता, त्यातही गेम किंवा व्हिडिओचं काम सुरू असताना पीसी झटकन बंद पडत असेल, तर संशय दोघांवर: एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि उष्णता. इथे विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे घडामोडींची नोंदवही, लोकांना हमखास चकवतो. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दिसते, 'पॉवर' हा शब्द वाचून लोक थेट नवा एसएमपीएस आणतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी विंडोज नीट शटडाउन न होता बंद पडलं. कशामुळे, ते ती सांगत नाही.

एसएमपीएस तपासायची प्रसिद्ध युक्ती म्हणजे २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी वायर तारेने जोडणं. पंखा फिरला की लोक त्याला निर्दोष ठरवतात. पण त्यातून कळतं ते एवढंच, की तो अगदीच मेलेला नाही. लोड आल्यावर १२ व्होल्टची लाइन टिकते का, हे त्यात दिसत नाही. एटीएक्सच्या (डेस्कटॉपच्या भागांच्या) मानकानुसार तिथे ५ टक्क्यांची सूट आहे, म्हणजे ११.४ ते १२.६ व्होल्ट, मशीन काम करत असताना याखाली घसरण दिसली तर तो बदलायचा. मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) नसेल तर खात्रीचा दुसरा एसएमपीएस लावून बघणं ही सगळ्यात सरळ परीक्षा. एक मात्र करू नका: एसएमपीएसचा डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांमध्ये) जीवघेणा चार्ज राहू शकतो.

आणि तो अर्धा फेरा मारणारा पंखा? तो माझाच पीसी होता. एसएमपीएस बदलून झाला, रॅम पुसून झाली, फरक शून्य. शेवटी मदरबोर्ड कॅबिनेटमधून काढून पुठ्ठ्यावर ठेवला आणि फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा आणि एक रॅम लावून सुरू केला. झकास सुरू झाला. कॅबिनेट उलटं केलं तर खणकन एक स्क्रू पडला. मागच्या साफसफाईत माझ्याच हातून सुटलेला तो बोर्डच्या पाठीमागे अडकून शॉर्ट करत होता. एसएमपीएसचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

हार्ड डिस्कचंही असंच. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्राममध्ये स्मार्टचे, म्हणजे डिस्कने स्वतःच्याच तब्येतीच्या ठेवलेल्या नोंदींचे आकडे दिसतात. ०५ म्हणजे बाद करून दुसरीकडे वळवलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आल्याने अडकून पडलेले. हे वाढत असतील तर डिस्क निवृत्त करा. पण बाकी सगळं ठीक आणि सी७ तेवढा वाढतोय, तर दोष बहुधा साटा केबलचा (डिस्कला बोर्डशी जोडणाऱ्या केबलचा) असतो. केबल बदला आणि आकडा तिथेच थांबतो का ते पाहा. तो खाली येणार नाही, जुन्या चुका मोजलेल्याच राहतात.

चूक: 'स्लो झाला' म्हणजे म्हातारा झाला

टास्क मॅनेजर उघडा. काहीही सुरू नसताना डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली दिसली आणि आत फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर प्रोसेसरला दोष देऊ नका. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवी ती जागा हेडखाली (डेटा वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी ४ मिलिसेकंद, शिवाय हेड सरकण्याचा वेळ वेगळा. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या वाचन-फेऱ्या होतात. एसएसडीला (फिरते भाग नसलेल्या, चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कला) हेच काम मिलिसेकंदाच्या छोट्याशा अंशात जमतं. जुन्या पीसीसाठी याच्याइतका फरक पाडणारा दुसरा कुठलाही खर्च मला माहीत नाही.

रॅम ४ जीबीवर अडलेली असेल तर तीही वाढवा. आणि धूळ! प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांत पंखा आणि धातूच्या मधोमध गोधडीसारखा थर साचतो, बाहेरून दिसतही नाही. प्रोसेसर ९५-१०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेला की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. थर काढा, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा.

चूक: मदरबोर्डलाही इतर भागांसारखाच समजणं

एसएमपीएस, डिस्क, रॅम, बॅटरी, पंखा हे एकटे जीव. एक गेला, एक आणला. मदरबोर्ड म्हणजे घरातला कर्ता. त्याच्या जाण्याने सगळ्यांचंच बस्तान हलतं. नवा बोर्ड घ्यायचा तर त्याच्या सॉकेटला (प्रोसेसर बसायच्या जागेला) जुना प्रोसेसर बऱ्याचदा बसत नाही. नवा प्रोसेसर घेतला तर बऱ्याचदा रॅमची पिढी बदललेली असते: डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, एक दुसऱ्यात बसतच नाही. नाव सारखं असूनही फसगत होते. इंटेलचे सहाव्या-सातव्या पिढीचे प्रोसेसर एलजीए ११५१ सॉकेटचे आणि आठव्या-नवव्या पिढीचेही त्याच नावाच्या सॉकेटचे. तरी सहसा एकाचे प्रोसेसर दुसऱ्याच्या बोर्डवर चालत नाहीत.

जुन्याच मॉडेलचा वापरलेला बोर्ड मिळतो, पण तोही तेवढीच वर्षं तापून आलेला असतो. माथा फुगलेले किंवा तळाशी चिकट द्रव सांडलेले कपॅसिटर त्यावर दिसले तर हातही लावू नका.

कंपनीचा तयार डेस्कटॉप असेल तर आणखी एक अडचण: कित्येकांत एसएमपीएसचा आकार आणि कनेक्टर त्या कंपनीचे खास असतात, बाजारातला एटीएक्स त्यात लागत नाही. भाग मागवण्याआधी झाकण उघडून कनेक्टरच्या पिन मोजा. शिवाय मशीनबरोबर आलेलं विंडोजचं लायसन्स मदरबोर्डला बांधलेलं असतं. बोर्ड बदलला की ते सोबत येईलच असं नाही.

म्हणून माझा हिशोब सरळ आहे. एकटा भाग गेला तर दुरुस्ती. बोर्ड किंवा प्रोसेसर गेला तर बदली, पण तेव्हाही सगळं फेकायचं नाही. कॅबिनेट, एसएसडी, मॉनिटर, आणि एसएमपीएस बऱ्यापैकी नवा असेल तर तोही, नव्या मशीनमध्ये कामाला लावायचा. आणि वर्षभरात एकामागून एक असंबद्ध भाग जायला लागले, तर सुटे भाग बदलत बसण्याआधी एसएमपीएस आणि घरातली वीज तपासा. भाग मरत नसतील, मारले जात असतील.

चूक: चालतोय ना, मग ठीक आहे

ही उलट्या बाजूची चूक. मशीन टुणटुणीत असूनही बदलायचं एक खरं कारण असतं: सुरक्षेच्या अपडेट बंद होणं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (सुरू होतानाच खोटं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) लागतं, आणि इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे चालतात.

पण 'तुमचा पीसी चालणार नाही' असा संदेश आला म्हणून लगेच खरेदीला निघू नका. टीपीएम कित्येक बोर्डांवर असतं, नुसतं बायोसमध्ये बंद असतं. इंटेलच्या बोर्डवर ते 'पीटीटी' आणि एएमडीच्या बोर्डवर 'एफटीपीएम' या नावाने शोधा. प्रोसेसरच यादीत नसेल, तर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टीम टाकून ब्राउझर, लिखाण, अभ्यास यांसाठी मशीन आणखी काही वर्षं आरामात चालतं. ज्याचं सगळं काम एखाद्या विंडोजच्याच सॉफ्टवेअरवर अडलंय, त्याने मात्र अपडेट बंद झालेलं मशीन इंटरनेटला जोडून बँकेचे व्यवहार करण्यापेक्षा नवा घ्यावा.

चूक: जुना पीसी डिस्कसकट देऊन टाकणं

रिसायकल बिन रिकामा करणं किंवा क्विक फॉरमॅट म्हणजे पुसणं नव्हे. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी पानं तशीच असतात. हार्ड डिस्कवर पूर्ण ओव्हरराइट (जुन्या डेटावर नवं लिहिणं) चालवा. एसएसडीला मात्र ती पद्धत नीट लागू पडत नाही, तिथे बनवणाऱ्या कंपनीच्या टूलमधलं सिक्युअर इरेज वापरा. आणि यातलं काहीच जमत नसेल, तर स्क्रूड्रायव्हर घ्या, डिस्क काढून स्वतःच्या खणात ठेवा आणि बाकीचा डबा खुशाल देऊन टाका.