मृगाआधी ठरवा: चरायचं गवत वेगळं, कापायचं वेगळं

नेपियरच्या कांड्या हाती आल्या की माळ, बांध, परडं न बघता लावायची घाई होते. आधी एवढंच ठरवा, जनावर रानात चरणार की वैरण कापून गोठ्यात येणार? संकरित नेपियर हे कापायचंच गवत. त्याचा वाढता शेंडा जमिनीपासून वर असतो. म्हशींनी तो खाल्ला आणि बुडखे तुडवले की ठोंब मरत जातात.

बेळगाव जिल्ह्यात निपाणी, चिक्कोडीकडे पाण्याखालच्या जमिनीत नेपियरचे वाण म्हणून धारवाडच्या चारा संशोधन केंद्राचा डीएचएन-६, कोइमतूरचा को-५ किंवा राहुरीचा फुले जयवंत घ्या. तीन महिन्यांच्या जून ताटाच्या दोन डोळ्यांच्या कांड्या ९० × ६० सेंमीवर लावा, एक डोळा मातीत हवा. गुंठ्याला साधारण १९० कांड्या लागतात. पहिली कापणी ६५ ते ७० दिवसांनी, पुढच्या ४५ ते ५० दिवसांनी, जमिनीपासून १० ते १५ सेंमी ठेवून. उशीर केला तर ताट टणक होतं आणि जनावर निम्मं टाकून देतं. फार कोवळं कापलं तर ऑक्झलेट जास्त असतं. ते अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. म्हणून नुसतं नेपियर घालू नका. कडबा आणि चवळी किंवा लसूणघास मिसळून कुट्टी करा, खनिज मिश्रण द्या.

दूधगंगा, कृष्णाकाठच्या चिबड, म्हणजे पाणी साचणाऱ्या रानात नेपियर कुजतं. तिथं पॅरा गवत लावा.

खानापूरच्या तांबड्या मातीत, आंबा-काजूच्या विरळ सावलीत गिनी गवत चांगलं येतं, ठोंब लावावेत. मोकळ्या जागेत स्टायलो हे शेंगवर्गीय चारापीक पेरा, आम्लधर्मी जमीन त्याला चालते. अंजन गवत मात्र इथं नको, पाणी साचलं की जातं.

अंजनाची खरी जागा अथणीकडचा हलका, निचऱ्याचा माळ. काळ्या रानात मारवेल गवत घ्या. अंजनाचं बी एकरी दोन किलो पुरे, पण ते मागच्या हंगामाचं असावं. ताजं बी सुप्तावस्थेत असतं, उगवत नाही. बी हलकं आणि केसाळ असल्याने ओलसर मातीत घोळून एक सेंमीपेक्षा खोल जाणार नाही असं पेरा. उगवण फसते ती बहुधा खोल पेरल्यामुळेच. स्टायलोचं टरफल कठीण, म्हणून ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात चार मिनिटं ठेवून मग रात्रभर थंड पाण्यात भिजवा.

माळावर कुसळी गवत असेल तर ती फुलोऱ्याआधीच कापा. कुसळं मेंढ्यांच्या तोंडात आणि लोकरीत रुततात.

नव्या माळावर पहिलं वर्ष जनावर सोडू नका. बी गळल्यावर गवत कापून न्या. दुसऱ्या वर्षापासून माळाचे चार भाग पाडून आळीपाळीनं चारा, आणि पहिला पाऊस पडल्या-पडल्या कोवळ्या फुटीवर मेंढ्या घालू नका.