गिअर ऑईल बदलताना आणि वायर जोडताना या चुका टाळा

गिअरबॉक्समध्ये चुकीच्या ग्रेडचे ऑईल पडले किंवा वायरचा जोड कच्चा राहिला, तरी काम झाल्या दिवशी गाडी बहुधा सुरळीत चालते. त्रास सुरू होतो तो काही महिन्यांनी, आणि तोपर्यंत मूळ कारण विस्मरणात गेल्यामुळे क्लच, बॅटरी किंवा बल्ब यांच्यावर विनाकारण खर्च होतो. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो आणि बॉनेटखालची उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते. अशा हवामानात ही दोन्ही कामे जागच्या जागी तपासून घेण्याला पर्याय नाही.

ऑईल काढताना खालचा ड्रेन प्लग (जुने ऑईल सोडण्याचे बूच) आधी उघडणे ही पहिली चूक होय. वर्षानुवर्षे न उघडलेला फिलर प्लग (नवीन ऑईल भरण्याचे बूच) अनेकदा गंजून घट्ट बसलेला असतो. जुने ऑईल वाहून गेल्यानंतर तो उघडतच नाही असे लक्षात आले, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन गाडी हलवताही येत नाही. म्हणून आधी फिलर प्लग सैल करून पाहावा आणि तो सुटल्यावरच ड्रेन प्लगला पाना लावावा. शेतरस्त्याने फिरणाऱ्या गाडीच्या प्लगभोवती काळी माती चिकटून कडक झालेली असते; ती तारेच्या ब्रशने काढून, कापडाने पुसून मगच प्लग उघडावा, अन्यथा माती थेट गिअरच्या दात्यांमध्ये जाते. गाडी थोडी चालवून ऑईल कोमट केल्यास ते लवकर आणि पूर्ण निघते. गाडी केवळ जॅकवर उभी करून तिच्याखाली शिरणे मात्र जिवावर बेतू शकते. पक्के स्टँड लावलेच पाहिजेत.

ड्रेन प्लगला चुंबक असल्यास त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर दिसणे ही नेहमीची झीज आहे. बोटाला टोचणारे धातूचे तुकडे आढळले, तर केवळ नवीन ऑईल भरून भागणार नाही. गिअरबॉक्स खोलून पाहावा लागेल.

दुकानात नुसते ‘गिअर ऑईल द्या’ म्हणून मिळेल तो डबा आणणे ही सर्वाधिक नुकसान करणारी चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. डब्यावरील जीएल-४ आणि जीएल-५ ही दोन वर्गांची नावे आहेत. जीएल-५ मध्ये अति दाब सोसण्यासाठीची गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्ये बरीच अधिक असतात. ती डिफरन्शियलच्या (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाच्या) दात्यांना मानवतात. पण अनेक मॅन्युअल (हाताने गिअर बदलायच्या) गिअरबॉक्समधील सिंक्रोनायझरच्या, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या भागाच्या, पितळी कड्यांना ती हळूहळू खाऊ शकतात. परिणामी गिअर टाकताना खरखर होऊ लागते आणि दोष क्लचवर जातो. ‘मोठा आकडा म्हणजे चांगले ऑईल’ हा समज येथे घातक ठरतो. गाडीच्या माहितीपुस्तिकेत ७५डब्ल्यू-८० (ऑईलच्या दाटपणाचा आकडा) लिहिले असेल तर त्याऐवजी ८०डब्ल्यू-९० भरू नये. दाट ऑईलमुळे थंडीतल्या सकाळी गिअर जड पडतात.

बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये गाडी सपाट जागी असताना फिलरच्या खालच्या कडेपर्यंत ऑईल आले की पातळी योग्य समजावी. ऑटोमॅटिक गाडीचे गणित वेगळे आहे. तेथे खालचा प्लग उघडल्यावर सर्व फ्लुइड निघत नाही, कारण बराच भाग टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन व गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या भागात) राहतो. आणि पातळीही बहुधा इंजिन चालू ठेवून, फ्लुइड ठरावीक तापमानाला आल्यावरच पाहायची असते. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सला साधे एटीएफ, म्हणजे नेहमीचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे फ्लुइड, बहुधा चालत नाही. स्कूटरच्या मागच्या चाकाजवळील गिअर ऑईल इंजिन ऑईलपासून वेगळे असते. प्रमाण अगदी थोडे असल्याने ते वर्षानुवर्षे विसरले जाते.

अनेक मॅन्युअल गाड्यांमध्ये रिव्हर्स लाइटचा स्विच गिअरबॉक्सवरच असतो. पाना फिरवताना त्याच्या वायरला हिसका बसतो, ती तुटते, आणि मग ती पिळून वर काळी टेप गुंडाळली जाते. सोलापूरच्या उन्हात त्या टेपचा डिंक वितळून ती सुटू लागते, जोडात धूळ व ओल शिरते, तांब्यावर थर चढतो आणि विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध (रेझिस्टन्स) वाढतो. हा विरोध किती जाचक असतो ते आकड्यांनी कळेल. ५ अँपिअर प्रवाह वाहणाऱ्या जोडात केवळ ०.२ ओहम विरोध असला, तरी १ व्होल्ट तेथेच खर्ची पडतो आणि ५ वॉट उष्णता त्या बारीकशा जागेत निर्माण होते. बल्ब मंद होतो आणि वायरचे आवरण वितळू लागते.

बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आधी काढावे. वायरच्या जाडीला जुळणारा लग (वायरच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) घ्यावा आणि तो पकडीने चेपण्याऐवजी क्रिंपिंग टूलने दाबावा. जोड झाल्यावर वायर जोराने ओढून पाहावी. ती सुटली तर ती आत्ताच सुटलेली बरी. हीट श्रिंक स्लीव्ह (उष्णतेने आवळणारी नळी) जोड करण्यापूर्वीच वायरमध्ये ओवून ठेवावी, कारण नंतर ती घालता येत नाही. गाडीखालच्या जोडासाठी आतून डिंक असलेली स्लीव्ह घ्यावी. सोल्डरचा डाग द्यायचा असल्यास आम्लयुक्त पेस्ट टाळावी, कारण उरलेले आम्ल तांबे खात राहते. शिवाय डागाजवळची वायर ताठ होते व हादऱ्यांनी तेथेच तुटते, म्हणून तिला क्लिपचा आधार द्यावा. घरगुती वायरिंगची एकाच जाड तारेची वायर गाडीत वापरू नये. फ्यूज वारंवार उडत असेल तर १० अँपिअरच्या जागी २० अँपिअरचा बसवणे म्हणजे वायरलाच जळू देणे होय. एअरबॅगच्या पिवळ्या वायरिंगला घरी हात लावू नये.

जोडाची परीक्षा मल्टीमीटरने होते. लाइट चालू ठेवून जोडाच्या दोन्ही बाजूंना टोके लावावीत, ०.१ व्होल्टपेक्षा अधिक फरक दिसल्यास जोड कापून नव्याने करावा. ड्रेन प्लगला नवीन वॉशर घालून तो माहितीपुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या जोरानेच) आवळावा, कारण ॲल्युमिनियमच्या आवरणातील आटे अतिजोराने निघून येतात. त्यानंतर तुळजापूरपर्यंत एक फेरी मारावी, गाडी सपाट जागी थंड होऊ द्यावी आणि दोन्ही प्लगभोवती कोरडे कापड फिरवून ओल आहे का ते पाहावे. काढलेले ऑईल गटारात किंवा शेताच्या बांधावर न ओतता झाकणाच्या डब्यात भरून, वापरलेले ऑईल जमा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.