सेल्फ हलका फिरला आणि मी हात आवरला: टायमिंग बेल्टचा माझा अनुभव

मे महिन्यात धुळ्याहून जळगावला येत होतो. पारोळा सोडलं आणि चालती डिझेल गाडी एकदम गप्प झाली. ना धूर, ना आवाज. चावी फिरवली तर सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरला. इंजिनाचा जोरच लागत नव्हता. मी तिथेच थांबलो. टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या हालचालीशी जुळवून ठेवणारा दातेरी पट्टा, गेला असेल तर प्रत्येक सेल्फला पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटू शकतात.

गाडी टो करून जळगावला आणली. पहिल्या गॅरेजने काहीही न उघडता अख्ख्या इंजिनाचं काम सांगितलं, 80 हजार! मन मानेना. ओळखीच्या मिस्त्रींना म्हटलं, "भाऊ, आधी बेल्टचं वरचं कव्हर तेवढं काढा."

त्यांनी टॉर्च मारून बघितलं. "पट्टा तुटना नही भाऊ, दात उडी ग्यात." बेल्ट अखंड, पण एका जागी सात-आठ दात साफ. बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं बेअरिंगही घरघरत होतं. हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवलं तर 8 पैकी 3 व्हॉल्व्ह वाकलेले. पिस्टनवर नखाएवढे डाग, तडा कुठेच नाही.

व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट, बेल्ट, टेन्शनर सगळं नवं. त्याच बेल्टवर फिरतो म्हणून वॉटर पंपही बदलला. मजुरीसह 31 हजार.

बेल्ट चढवल्यावर मिस्त्रींनी क्रँक (पिस्टन जोडलेला मुख्य दांडा) पान्याने हळूहळू पूर्ण दोन फेरे फिरवला. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) एक. दोन्हींच्या जुळवणीच्या खुणा पुन्हा तंतोतंत जुळल्या, मगच सेल्फ मारू दिला. तारीख आणि किलोमीटर बॉनेटच्या आत मार्करने लिहून ठेवलेत.