स्पोर्ट्स कार्डचे भाव चार साइटवर बघण्याआधीची तयारी

पहिलं काम कुठलीही साइट उघडायच्या आधीचं आहे, ते म्हणजे कार्डाची पूर्ण ओळख एका ओळीत लिहून काढा. वर्ष, कंपनी, सेट, कार्ड नंबर, खेळाडू, पॅरलल (त्याच कार्डाची वेगळ्या रंगाची किंवा चमकीची आवृत्ती) असेल तर कुठला, आणि ग्रेड केलेलं असेल, म्हणजे एखाद्या कंपनीने स्थिती तपासून १० पैकी गुण देऊन प्लास्टिकच्या डबीत बंद केलेलं असेल, तर कोणी केलं आणि किती दिलं. नुसतं 'जॉर्डन रूकी' (बास्केटबॉलच्या मायकेल जॉर्डनचं कारकिर्दीच्या सुरुवातीचं कार्ड) टाकून सर्च मारलात तर १९८६-८७ च्या फ्लीअर सेटमधलं ५७ नंबरचं कार्ड येणार, त्याच वर्षीचा ८ नंबरचा स्टिकर येणार, फ्लीअरनेच दहा वर्षांनी 'डेकेड ऑफ एक्सलन्स'मध्ये तसंच परत छापलेलं कार्ड येणार आणि वर नकली मालाचा ढीग, मग सरासरी नक्की कशाची काढणार? माझ्या मते निम्मं काम इथेच होतं, आणि लोक नेमकं हेच टाळून थेट भावावर उडी मारतात.

ओळख पटवायला कार्डाची मागची बाजू बघा, पुढची नाही. आइस हॉकीच्या वेन ग्रेट्झ्कीचं १९७९-८० चं रूकी घ्या, टॉप्स आणि ओ-पी-ची या दोन कंपन्यांनी छापलं, फोटो तोच, नंबरही दोन्हींचा १८. ओ-पी-ची कॅनडातलं असल्यामुळे मागे इंग्रजीबरोबर फ्रेंच मजकूर असतो आणि कडा बऱ्याचदा खरबरीत कापलेल्या असतात, आणि त्याच ग्रेडला भाव सहसा टॉप्सपेक्षा बराच जास्त. विकणाऱ्याने टायटलमध्ये काहीही लिहिलेलं असू शकतं, मागचा फोटो खोटं बोलत नाही. नव्या कार्डांचंही तेच आहे, पॅनिनी प्रिझमच्या सिल्व्हर पॅरललला मागे नंबरापाशी 'प्रिझम' असं वेगळं छापलेलं असतं, साध्या बेस कार्डाला ते नसतं, टॉप्स क्रोमच्या रिफ्रॅक्टर नावाच्या चमकदार पॅरलललाही बहुतेक वेळा मागे तसा शब्द असतो. फोटोत उजेड पडला की बेस कार्डही चमकतं, त्यामुळे मागचा फोटो दिलेला नसेल तर आधी मागून घ्या आणि देत नसेल तर ते लिस्टिंग सोडून द्या.

मग ग्रेड. पीएसए, बीजीएस आणि एसजीसी या ग्रेड देणाऱ्या संस्था, पण पीएसए १०, बीजीएस ९.५ आणि एसजीसी १० यांना एका रकान्यात टाकू नका, बाजार त्यांना वेगवेगळे पैसे देतो. बीजीएसमध्ये सेंटरिंग, कोपरे, कडा आणि सरफेस असे चार सबग्रेड असतात, चारही १० असले की ब्लॅक लेबल, आणि त्याचा भाव साध्या १० शी लावायचाच नाही. रॉ, म्हणजे ग्रेड न केलेलं, कार्ड असेल तर रॉ विक्रीशीच तुलना करा, 'हे नक्की ९ येईल' असं मनाशी ठरवून पीएसए ९ चा भाव धरणं म्हणजे स्वतःलाच गंडवणं. पीएसएच्या साइटवर पॉप्युलेशन रिपोर्टही बघून ठेवा, कुठल्या ग्रेडची किती कार्डं आहेत ते कळतं, बेसबॉलच्या केन ग्रिफी ज्युनियरच्या १९८९ च्या अपर डेक कार्डाची पीएसए १० सुद्धा हजारोंनी आहेत, तेव्हा 'रेअर' शब्दाला भुलू नका.

आता भाव. मागितलेली किंमत हा भाव नव्हे, ती कोणीही कितीही टाकू शकतो. ईबेवर सोल्ड आयटम्सचा फिल्टर लावा, तिथे साधारण गेल्या ९० दिवसांचं दिसतं. खोडलेली किंमत दिसली तर समजा बेस्ट ऑफर घेतलीय आणि खरा आकडा त्याहून कमी आहे, तो बघायला १३० पॉइंट नावाची साइट लोक वापरतात. जुन्या विक्रीसाठी पीएसएच्या साइटवर ऑक्शन प्राइसेस रिअलाइज्ड नावाचा विभाग आहे, कार्ड लॅडरसारखी पैसे भरून घ्यायची टूल्सही आहेत. आणि हो, जुन्या नोंदींमध्ये पीडब्ल्यूसीसी हे लिलाव कंपनीचं नाव दिसेल, ते आता फॅनॅटिक्स कलेक्ट झालंय, गोंधळू नका.

प्रत्येक आकड्याच्या पुढे तारीख लिहायचीच. तेच जॉर्डन ५७, पीएसए १० मध्ये, जानेवारी २०२१ मध्ये गोल्डिनच्या लिलावात ७,३८,००० डॉलरला गेलं, आणि वर्ष सरायच्या आत तसंच कार्ड त्याच्या निम्म्याहूनही कमीत मिळत होतं. एखाद्याने फक्त तो एक आकडा धरून ठेवला असेल तर त्याचं काय झालं असेल ते सांगायला नको. त्यामुळे शेवटच्या चार-पाच विक्री घ्या, एखादीच फार वर किंवा फार खाली असेल तर ती का ते शोधा. स्लॅबवरचा (ग्रेड केलेल्या कार्डाच्या डबीवरचा) सर्टिफिकेट नंबर इथे कामाला येतो, तो प्रत्येक स्लॅबचा वेगळा असतो, 'विकलं गेलं' म्हणून दिसणारा तोच नंबर थोड्याच दिवसांत त्याच विक्रेत्याकडे परत लागला असेल तर बहुतेक घेणाऱ्याने पैसेच दिलेले नाहीत, ती विक्री खोडा. नंबर टाकून पीएसएच्या साइटवर कार्ड तेच आहे ना हेही तपासा, लेबल खरं आणि आतलं कार्ड बदललेलं असंही होतं.

/९९, म्हणजे फक्त ९९ प्रती, किंवा त्याहून कमी छापलेल्या कार्डांच्या विक्रीच इतक्या कमी असतात की सरासरी वगैरे निघत नाही. अशा वेळी त्याच खेळाडूचं जवळचं पॅरलल किती गेलं ते बघा, आणि जर्सी नंबरशी जुळणारा सिरीयल असलेली विक्री बाजूला काढा, त्याला लोक उगाच जास्त देतात.

मग एक साधी शीट करा आणि त्यात शेवटचा रकाना 'घरी पोचेपर्यंत' असा ठेवा. गोल्डिन, हेरिटेजसारख्या लिलावांत बायर्स प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याने बोलीच्या वर द्यायची रक्कम, साधारण २० टक्के किंवा थोडा वर असतो, म्हणजे १,००० ची बोली १,२०० च्या घरात जाते, वर टॅक्स, शिपिंग, बाहेरच्या देशातून येत असेल तर कस्टम्स. जुने निकाल बघताना प्रीमियम धरलाय की नाही ते तपासा, नाहीतर ईबेशी लावलेली तुलना फुकट. स्वस्तातली बरीच कार्डं हवी असतील तर सीओएमसी ही साइट बरी पडते, कार्डं त्यांच्याच गोदामात राहतात आणि एकदम मागवता येतात. सोशल मीडियावरच्या ग्रुपमध्ये भाव कमी दिसतो कारण फी नाही, पण समोरचा पेपालवर 'फ्रेंड्स अँड फॅमिली'ने पैसे मागत असेल तर खरेदीचं संरक्षण मिळत नाही, तो धोका किती डॉलरचा धरायचा ते तुमचं तुम्ही ठरवा, मी तर देतच नाही. पुढे विकायचा विचार असेल तर ईबेची विक्रीची फी १३ टक्क्यांच्या आसपास वजा करून बघा.

सीझनही बघा, खेळाडू फॉर्मात असताना आणि प्लेऑफच्या तोंडावर भाव चढतात, घाई नसेल तर सीझन संपल्यावर बघायला घ्या.

हे सगळं झालं की बोलीची वरची मर्यादा सगळे खर्च धरून शीटमध्ये लिहून टाका, लिलाव सुरू व्हायच्या आधी, आणि ज्या विक्रींवरून ती काढली त्यांचे स्क्रीनशॉट तारखेसकट सेव्ह करा, कारण तीन महिन्यांनी परत शोधायला गेलात तर त्यातलं बरंचसं तिथे दिसणार नाही.