आधी भरा, मग कापा

मावशीच्या एकसष्टीला हातानं काहीतरी करून द्यावं म्हणून भरतकाम केलेलं चष्म्याचं कव्हर शिवायला घेतलं. नौपाड्यातल्या आमच्या टेलरकाकांकडे ब्लाउजांचे कटपीस पिशवीभर पडलेले असतात, त्यातून निळ्या खणाचा तुकडा निघाला. धावदोरा, साखळी टाका, गाठीचा टाका एवढं तुम्हाला येत असणार. त्याहून जास्त लागत नाही.

आता माझी फजिती. मी माप घेऊन ८ बाय ४.५ इंचाचे दोन तुकडे अगदी नेटके कापले आणि मग भरायला बसले. साफ चूक! भरतकामाच्या ५ इंची रिंगेत ४.५ इंचाचं कापड पकडलंच जात नाही. रिंगेशिवाय भरलं तर प्रत्येक टाका कापड किंचित आवळतो, आणि खणाच्या कापल्या कडेनं दशा सुटत राहतात. आठवडाभर ठाणे-पनवेल लोकलमध्ये, बसायला मिळालं की घणसोलीपर्यंत भरत होते. शेवटी मापलं तर मधोमध जेमतेम सव्वाचार इंच, कडांच्या झिरमिळ्या. टीप मारताना अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं जादा कापड, घेतली आणि कडेचं फूल निम्मं शिवणीत गेलं. रडले, खोटं कशाला सांगू.

टेलरकाका हसले. "ब्लाउजची बाही भरायला देतात ती कापून देतात का? आखून देतात." तीन महिने फी भरून ज्या क्लासला गेले तिथे हे कुणी सांगितलं नव्हतं. क्लासपेक्षा टेलरच्या दुकानात तासभर बसा, असं माझं सरळ मत आहे.

तर, तुकडा अख्खा ठेवा. त्यावर तयार कव्हरच्या मापाची, ७ बाय ३.५ इंचाची रेघ आखा, नक्षी रेघेच्या अर्धा इंच आतच राहू द्या. भरून झालं की टॉवेलवर पालथं घालून इस्त्री करा, मग पुन्हा मापा. हो, पुन्हा! पहिली रेघ आता आवळलेली असते, तिच्यावर विश्वास ठेवू नका. नव्यानं आखा, चारी बाजूंनी अर्धा इंच माया सोडा आणि तेव्हाच कात्री लावा.

मूळ तुकडाच लहान असेल तर घाबरू नका. जुन्या सुती साडीच्या कापडावर तो कच्च्या टाक्यानं चारी कडांनी पक्का बसवा, पाठीमागून आतलं साडीचं कापड कापून काढा आणि साडी रिंगेत चढवा. तुकडा ढोलकीसारखा ताणला जातो.

आखायला टेलरचा खडू. इस्त्रीनं उडणाऱ्या पेनाच्या नादी लागू नका, गारठ्यात ती रेघ परत उमटते. ठाण्यात थंडी नाही म्हणून खपून जातं. एकदा चिंधी फ्रीझरमध्ये ठेवून बघा. आणि गमनं फुलं चिकटवून 'हँडमेड' म्हणणाऱ्यांबद्दल मी बोलतच नाही.

दोऱ्याच्या सहा पदरांतले दोनच घ्या. ८ मीटरची एक लडी पुरून उरते. लाल दोऱ्याचा रंग जातो का, ते आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. अस्तराला जुनं फ्लॅनेल, तोंडाला टिचबटण. टाके थोडे वाकडे आले तर येऊ देत, उसवत बसू नका, खण विरतो.

मावशीला दुसरं कव्हर दिलं. निम्मं फूल गिळलेलं पहिलं माझ्या पर्समध्ये आहे, त्यात लोकलचा पास असतो.