मराठवाड्यात फिरताना उपरे वाटू नये म्हणून

लातूर, बीड किंवा परभणीकडच्या एखाद्या फाट्यावर उतरलात की पाच मिनिटांत प्रश्न येतो : "कुठले पाव्हणं? कुणाकडं आलाव?" यात संशय नसतो. इथं अनोळखी माणसाला पाहुण्याची जागा ठरलेली आहे आणि ती तुम्हाला द्यायची, म्हणून ही विचारपूस. इथं मिसळायचं तर वेश बदलण्यापेक्षा नीट पाहुणा होणं जास्त कामाला येतं.

त्यासाठी उत्तर आधीच तयार ठेवा. आपलं गाव, निघालोय कुठं आणि कशासाठी, एवढ्या तीनच गोष्टी : "पुण्याचा आहे, औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला चाललोय." "असंच, फिरायला" म्हणालात तर समोरच्याचं समाधान होत नाही आणि प्रश्न वाढत जातात. पुढचा प्रश्न बहुधा आडनावाचा असतो. सांगून मोकळं व्हा, उलट विचारू नका. मग तुम्ही विचारा, "यंदा पाऊसपाणी कसं आहे?" पेरणीच्या दिवसांत पावसाच्या खंडावर, ऑक्टोबरात सोयाबीनच्या राशीवर, थंडीत कापूस-तुरीच्या भावावर गप्पा आपोआप सुरू होतात. ऐकून घ्या. शेती कशी करावी याचा सल्ला देऊ नका. पाहुण्याची किंमत तिथंच उतरते.

बोलीची नक्कल अजिबात नको. लातूरकडं "काय करूलालाव?" असं विचारतील, ते त्यांच्या तोंडी गोड लागतं, तुमच्या तोंडी टिंगल वाटेल. साधी, सावकाश मराठी बोला. पण कानाला काही शब्द ओळखीचे हवेत. दस्ती म्हणजे रुमाल, भाकर म्हणजे भाकरी, येळवस म्हणजे वेळ अमावस्या. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या बाजारपेठांत दखनी हिंदी कानावर येते. तिथला "हौ" म्हणजे हो. शहरांच्या नव्या-जुन्या नावांबाबत एक पथ्य पाळा. पाटीवर आणि तिकिटावर छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आहे. बोलताना कुणी औरंगाबाद, उस्मानाबाद म्हणालं तर दुरुस्ती करू नका. आरक्षण आणि औरंगजेबाची कबर हे विषय चहाच्या टपरीवर पाहुण्यानं काढायचे नाहीत.

गावात पोचायचं साधन म्हणजे एसटी, नाहीतर काळीपिवळी, म्हणजे सीटवर भाडं घेणारी जीप. गाडी लागली की खिडकीतून दस्ती टाकून जागा धरतात. सीटवर दस्ती, पिशवी किंवा पेपर दिसला तर ती जागा गेली असं समजा, उचलून बाजूला ठेवू नका. सामान मांडीवर किंवा पायाशी घ्या. शेजारच्या सीटवर सॅक ठेवून बसलेला प्रवासी लगेच परका ठरतो. 10, 20 आणि 50 च्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा, कारण मोबाईलवरून पैसे भरायला फाट्यावर रेंज मिळेलच असं नाही. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेवढे सुट्टे हाताशी असू द्या. गाव आतलं असेल तर उतरतानाच कंडक्टरला विचारा, "परतीची शेवटची गाडी किती वाजता?" संध्याकाळची गाडी मुक्कामी असू शकते, ती रात्रभर गावातच थांबते आणि पहाटे निघते. हे न विचारल्यानं पुष्कळांची रात्र गावात जाते.

कपडे सुती, अंगभर आणि सैल. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, म्हणून इथली माणसं डोकं-कान बांधूनच बाहेर पडतात. गुडघ्यावरची चड्डी लॉजवर ठीक, पारावर नको.

आता जेवण. ताटात भाकर, तर्री आलेली आमटी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि बुक्की मारून फोडलेला कांदा. भाकर गरम असतानाच वाटीत कुस्करा, वरून आमटी ओता आणि दोन मिनिटं मुरू द्या. पापुद्रा आमटी पितो, तुकडा मऊ पडतो आणि तिखट जिभेला न चटकता लागतं. चमच्याची वाट पाहत बसलात तर भाकर वातड होते. येसर आमटी, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची आमटी, दिसली तर सोडू नका. वाढणारी बाई एकदा "बस" म्हटल्यानं थांबत नाही. नको असेल तर ताटावर आडवा हात धरा, आणि तोही वेळेत, कारण वाढलेलं टाकणं फार वाईट दिसतं. सकाळी टपरीवर सुशीला मागा. भिजवून पिळलेले मुरमुरे, वर फोडणी आणि दाण्याचं कूट.

पाण्याबाबत मात्र काटेकोर राहा. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. टँकरची वाट पाहिलेल्या घरात अर्धा पेला सांडून देणं डोळ्यात खुपतं. लागेल तेवढंच मागा. तांब्या पुढं आला तर तोंड न लावता वरून प्या.

देवस्थानांचे नियम गेटवर कळण्यापेक्षा आधी माहीत असलेले बरे. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना सदरा-बनियन काढून जावं लागतं. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात डोकं झाकायचं, त्यासाठी दस्ती किंवा ओढणी जवळ ठेवा; खिशातली तंबाखूची पुडी, विडी-सिगारेट बाहेरच टाकून द्या. लंगरमध्ये पंगतीत बसायचं, पोळी दोन्ही तळहात पुढं करून घ्यायची. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. दोन्हींचा वार उलटा धरून बंद दारापर्यंत जाणारे दरवेळी भेटतात.

फोटो विचारूनच काढा, विशेषतः शेतात राबणाऱ्या बायकांचे. चहा नाकारायचा तर "आत्ताच झाला" म्हणा, नुसतं "नको" तुटक वाटतं. निघताना "जातो" म्हणू नका, "येतो" म्हणा. घरातली बाई कुंकवाचा करंडा घेऊन आली तर पाहुणीनं घाईत असली तरी दारात थांबून कुंकू लावून घ्यावं. गाडीला हात करायला कुणीतरी पोरगं आधीच फाट्याकडं पळालेलं असतं.